सांध्याचं कुलूप

डोंबिवली (पूर्व)

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन केलास, एकच प्रश्न विचारलास आणि उत्तर यायच्या आत फोन आईच्या हातात दिलास. "आजी, माझ्या डोक्यात नक्की काय बिघडलंय?" आईशी बोलत होते तेव्हा मागे तुझं मुसमुसणं ऐकू येत होतं. तेव्हाच ठरवलं, हे फोनवर सांगायचं नाही, लिहून पाठवायचं. लिहिलेलं परत वाचता येतं. मध्येच पेंग आली तर पत्र उशाशी ठेव, झोप, आणि उठल्यावर सोडलंस तिथून पुढे वाच. त्यात मला काही वाटणार नाही.

उत्तर आधी देते. तुझी बुद्धी शाबूत आहे, मन शाबूत आहे. कमी पडलंय ते एक रसायन. त्याचं नाव ओरेक्झिन. त्यालाच हायपोक्रेटिन असंही म्हणतात. वाचताना दोन्ही नावं भेटतील, वस्तू एकच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो, तिथल्या काही पेशी हे रसायन तयार करतात. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या ओरेक्झिनवाल्या जेमतेम पन्नास ते ऐंशी हजार. एवढ्या मूठभर पेशी गेल्या की तुझ्या रिपोर्टवर लिहिलेला शब्द खरा होतो : नॅरोलेप्सी.

मला पहिल्यांदा शंका आली ती दिवाळीत. फडके रोडवरची पहाटेची गर्दी आटपून तुम्ही सगळे माझ्याकडे फराळाला आलात. मामा लोकलमधल्या टीसीची नक्कल करत होता. तुझ्या हातात चिवड्याची ताटली होती आणि तू खदखदून हसत होतीस. मी अगदी समोर बसले होते म्हणून मला क्रम दिसला. आधी तुझा जबडा सैल पडला, शब्द बोबडा आला. मग मान छातीवर कलली. मग गुडघे दुमडले आणि ताटली तिरकी होऊन चिवडा फरशीवर पसरला. तू धाडकन पडली नाहीस, दोरी सोडलेल्या पडद्यासारखी खाली आलीस. मामी म्हणाली, "कांदा आणा, हुंगवा." आई म्हणाली, "अशक्तपणा आहे, हिमोग्लोबिन कमी आहे तिचं." अर्ध्या मिनिटात तू उठून बसलीस, लाजलीस आणि म्हणालीस, "मला सगळं ऐकू येत होतं. मामी कांदा आणा म्हणाली ना?"

चक्कर येऊन बेशुद्ध पडलेल्या माणसाला कांदा आठवत नाही. त्या एका वाक्यावरून मी तुझ्या आईला बाजूला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. मी डॉक्टर नाही. तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई आहे, तुझ्या आईलाही मीच शिकवलं. पण हसताना अंग गळून पडणं आणि शुद्ध मात्र जागेवर असणं, हे लक्षण फारच थोड्या आजारांत दिसतं.

आता बिघाड कसा होतो ते सांगते. तू कल्याणची आहेस, तुला हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा रुळांवरून लवकर कळेल.

कल्याणच्या पुढे रूळ फुटतात. एक वाट शहाड, टिटवाळ्यावरून कसाऱ्याला जाते, दुसरी विठ्ठलवाडी, अंबरनाथवरून कर्जतला. फुटतात तिथे सांधा असतो. सांध्याची पाती या रुळाला चिकटली की गाडी इकडे, त्या रुळाला चिकटली की तिकडे. मध्ये कुठेही ती राहून चालत नाही. म्हणून सांधा वळवून झाला की त्याला कुलूप लागतं आणि कुलूप लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही. गाडीच्या धडधडीने पाती हलू नये, एवढंच त्या कुलपाचं काम. गाडी कुठे जायची हे कुलूप ठरवत नाही. ठरलेलं ते टिकवतं.

मेंदूतही असाच सांधा आहे. एका बाजूला जाग आणणाऱ्या पेशींचे गट. कुणी हिस्टॅमिन सोडतं, कुणी नॉरॲड्रिनॅलिन, कुणी सेरोटोनिन, कुणी डोपामिन, कुणी ॲसिटिलकोलिन. दुसऱ्या बाजूला, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, झोप आणणाऱ्या पेशी. त्यांचं मुख्य रसायन गाबा. हे दोन्ही पक्ष एकमेकांना दाबतात. जागेचा पक्ष वरचढ झाला की झोपेचा गप्प बसतो, झोपेचा वरचढ झाला की जागेचा. हार्वर्डच्या क्लिफर्ड सेपर यांनी ही रचना मांडली आणि तिला उलटापालटा होणाऱ्या विजेच्या बटणाची उपमा दिली. मला कल्याणचा सांधा जास्त पटतो, कारण त्यात कुलूप आहे. ओरेक्झिन म्हणजे ते कुलूप. दिवसभर ते जागेच्या सगळ्या गटांना धरून ठेवतं, कंटाळवाणा तास असो, पोटभर जेवण झालेलं असो, की हसू फुटलेलं असो. तुझं कुलूप गेलंय. सांधा धड आहे, पाती धड आहेत, रूळ धड आहेत. पण जराशा धक्क्याने पाती सरकतात.

यातून एक गोष्ट निघते, ती तुझ्या घरच्यांनाही वाचून दाखव. लोक समजतात की नॅरोलेप्सीचा माणूस खूप झोपतो. चोवीस तासांचा हिशेब मांडला तर त्याची झोप इतरांपेक्षा फार जास्त भरत नाही. दिवसा जाग टिकत नाही तशी रात्री झोपही टिकत नाही. तू रात्री तीनदा-चारदा उठतेस, ते मोबाईलमुळे असं आई म्हणते. कुलूप दोन्ही बाजूंचं गेलंय, हे तिला सांग.

मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. स्वप्न आणि गाढ झोप या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान. यंत्रावर ते दिसायला १९५३ साल उजाडावं लागलं. शिकागोत यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांना दिसलं की झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांखाली मधूनमधून भराभर फिरतात, आणि तेव्हा उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. पुढे फ्रान्समध्ये लिऑनला मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर काम करून दाखवलं की या झोपेत मेंदू जागेपणासारखा धावत असतो आणि शरीर मात्र पार लुळं असतं. डोळे आणि श्वासाचा पडदा सोडून बाकी स्नायूंना मेंदूच्या देठातून बंदीचा हुकूम जातो. हे आपल्या भल्यासाठीच आहे. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून खाली येईल.

निरोगी माणूस झोपला की आधी हलकी झोप, मग गाढ, आणि तास-दीड तासाने पहिली स्वप्नझोप. रात्रभरात अशा चार-पाच फेऱ्या होतात आणि पहाटेकडे स्वप्नाचा वाटा वाढत जातो. आपण जिला साखरझोप म्हणतो ती बरीचशी हीच. तुझी गाडी मधली स्टेशनं न घेता थेट तिथे पोचते. तू मला मागेच म्हणाली होतीस, "ठाण्याहून बसले की कळवा आठवतं, दिव्याला जाग येते, आणि तेवढ्यात अख्खं स्वप्न पडून गेलेलं असतं." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. कळवा ते दिवा दहा मिनिटांची वाट. निरोगी मेंदूला एवढ्यात सहसा स्वप्नझोपेला पोचता येत नाही.

तुझ्या तपासणीत त्यांनी हेच मोजलं. रात्रभर डोक्याला तारा लावून झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत वीस-वीस मिनिटं झोपायला सांगितलं. दिवसा झोप लागायला सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ लागला आणि दोनदा तरी झोप लागल्या लागल्या स्वप्नाची अवस्था आली, तर नॅरोलेप्सी धरतात. तुझी सरासरी तीन मिनिटं आली आणि पाचपैकी चार वेळा स्वप्न. त्याआधी दोन आठवडे झोपेची वही लिहून घेतली म्हणून तू वैतागली होतीस. ती वही फार महत्त्वाची होती. नुसतं जागरण झालेल्या मुलाचीही ही चाचणी फसवी येऊ शकते.

आता दिवाळीच्या त्या चिवड्याकडे ये. हसू आलं, आनंदाची लाट उठली आणि कुलूप नसल्याने स्वप्नझोपेतली स्नायूंची बंदी तेवढी एकटी जागेपणात घुसली. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. मग तुला ऐकू कसं येत होतं? याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. हा आजार असलेल्या कुत्र्यांच्या मेंदूत २००४ मध्ये जेरोम सीगल यांच्या गटाने पाहिलं की अशा झटक्यात नॉरॲड्रिनॅलिनच्या पेशी गप्प होतात, म्हणून स्नायूंचा जोर जातो. हिस्टॅमिनच्या पेशी मात्र काम करतच राहतात, म्हणून शुद्ध राहते. अंगाचा दिवा एका तारेवर आणि शुद्धीचा दुसऱ्या. तुझी पहिली तार तुटली, दुसरी चालू होती, म्हणून तुला कांदा ऐकू आला.

हिस्टॅमिन तुझ्या ओळखीचं आहे. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी घेतली की गुंगी येते ना? ती गोळी नाकातल्या हिस्टॅमिनला अडवायला जाते आणि मेंदूतल्यालाही अडवते. फलाटावरच्या कटिंग चहाचा हिशेब वेगळा. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचत जातं आणि झोपेचं ओझं वाढतं. चहातलं कॅफिन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. ओझं कमी होत नाही, ते जाणवेनासं होतं. पहाटेची गाडी पकडणाऱ्या, रात्री अकराला जेवणाऱ्या आपल्या इकडच्या लाखो माणसांची झोप ही ॲडिनोसिनची थकबाकी आहे. चार रात्री नीट झोपले की ती फिटते. तुझी झोप रात्रभर झोपूनही फिटत नाही. हा फरक वर्गातल्या बाईंना, गाडीतल्या बायकांना बाहेरून दिसत नाही. ज्या गावात सगळेच खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतात, तिथे झोपेचा आजार लपून राहतो.

दुसरी गोष्ट तू मला दबक्या आवाजात सांगितली होतीस. पहाटे जाग येते पण हात हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलेलं असतं, दाराशी बाई उभी दिसते. घरात कुणीतरी "बाहेरचं आहे, भगताला दाखवा" म्हणालं आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "हिला आता ठाण्याला पाठवावं लागणार." तू ते ऐकलंस. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि तेव्हापासून आपल्या भागात 'ठाण्याला पाठवणं' ही धमकी होऊन बसली आहे, याचं मला वाईट वाटतं. मनाच्या आजारावर उपचार घेण्यात काही कमीपणा नाही. पण तुझं प्रकरण ते नव्हे. जाग आली, पण स्वप्नझोपेची बंदी अजून उठली नाही, स्वप्नाचं चित्रही पुसलं गेलं नाही, अशा मधल्या क्षणाची ती बाई आहे. निरोगी माणसांनाही जागरणाने हे कधीकधी होतं. पिढ्यान् पिढ्या लोक त्याला मुंजा म्हणत आले. पुढच्या वेळी घाबरू नकोस. करंगळी हलवायचा प्रयत्न कर, श्वासाकडे लक्ष दे. काही क्षणांत, फार तर दोन-चार मिनिटांत सुटतं.

या पेशी माणसाला सापडल्या कशा, ही गोष्ट तुला आवडेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूला सूज आणणारी एक साथ आली. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काहींची झोप पार उडून जाई. व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांनी मेलेल्यांचे मेंदू पाहिले. हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला इजा असलेले झोपाळू होते, पुढच्या बाजूला इजा असलेले निद्रानाशाचे. सांधा तिथेच कुठेतरी आहे, हे त्यांनी ओळखलं. आपल्या देशाचे बाल कृष्ण आनंद १९५१ मध्ये अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात भुकेचं केंद्र आहे, हे त्यांनी उंदरांवर दाखवलं. जवळजवळ अर्धशतकानंतर, १९९८ मध्ये, मासाशी यानागिसावा यांच्या गटाला नेमक्या त्याच भागात एक नवं रसायन सापडलं आणि भुकेच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ओरेक्झिन नाव दिलं. त्यांना वाटलं, हे भुकेचं रसायन. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला तेच सापडलं, त्यांनी हायपोक्रेटिन म्हटलं. म्हणून दोन नावं.

तिकडे स्टॅनफर्डला डॉबरमन कुत्र्यांचं एक कुटुंब पाळलेलं होतं. त्यांना पिढीजात नॅरोलेप्सी होती. आवडता खाऊ पुढे ठेवला की आनंदाने धावत यायची आणि तोंड लावताच मागचे पाय गळून बसायची. एमॅन्युएल मिन्यो यांनी दहा वर्षं त्यांचा जनुक शोधला आणि १९९९ मध्ये तो मिळाला. ओरेक्झिनचा निरोप स्वीकारणाऱ्या कडीत बिघाड होता. त्याच वर्षी यानागिसावांच्या ओरेक्झिन नसलेल्या उंदरांनाही तोच आजार दिसला. पुढच्या वर्षी माणसांच्या मेंदूत पाहिलं. कडी शाबूत होती, निरोप पाठवणाऱ्या पेशीच ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या. २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिन्यो आणि यानागिसावा या दोघांना मिळालं. मी तेव्हा निवृत्त झालेले होते. वर्गात ही बातमी सांगायला मिळाली नाही, याची हळहळ वाटली होती.

आपल्या मुंबईचाही या रसायनांच्या गोष्टीत हात आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश नियतकालिकात छापून जगाला सांगितलं. त्या मुळीतलं रेसरपीन घेणारे रोगी मंदावत, पेंगत. कारण नंतर कळलं. ते औषध पेशींमधले नॉरॲड्रिनॅलिन, सेरोटोनिन आणि डोपामिनचे साठे रिकामे करत होतं. तरतरी हा गुण नुसत्या इच्छाशक्तीचा नाही, त्याला कोठारात माल लागतो, हे त्या काळी कळू लागलं.

तुझ्या पेशी का गेल्या? बहुधा तुझ्याच शरीराच्या संरक्षक पेशींनी त्यांना परकं समजून मारलं. काही माणसांच्या जनुकांत एक विशिष्ट खूण असते. ती असली की धोका वाढतो, पण ती खूण निरोगी माणसांतही पुष्कळांना असते आणि त्यांना काही होत नाही. वर एखादा संसर्ग निमित्त होतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये नवे रोगी वाढले. फिनलंड आणि स्वीडनमध्ये त्या साथीवरच्या एका विशिष्ट लशीनंतरही मुलांत हा आजार वाढलेला आढळला. तुझं काय निमित्त झालं ते शोधत बसू नकोस. उशिरा झोपलीस, मोबाईल पाहिलास, उपास केलास, यातलं काहीही कारण नाही. तुझ्या आईने गरोदरपणी काही चूक केली, असंही नाही. हे वाक्य तिला दोनदा वाचून दाखव.

आणि आता एक मला सांगायचं आहे.

१९८७ मध्ये नववीच्या एका तुकडीत, तिसऱ्या बाकावर, ठाकुर्लीहून येणारा एक मुलगा होता. पहिल्या तासालाच त्याची मान पडायची. मी त्याला मागे उभं करायचे. तो भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपायचा आणि सगळा वर्ग हसायचा. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने लिहिलं : 'वर्गात झोपतो. आळशी आहे.' वडिलांची सही घेऊन आला त्या दिवशी त्याच्या पोटऱ्यांवर वळ होते. दहावीला तो बसलाच नाही. त्याला तुझा आजार होता, की तो रात्री कुठे कामाला जात होता, की एका खोलीतल्या आठ माणसांत त्याला पाठ टेकायला जागा नव्हती, हे मला माहीत नाही, कारण मी त्याला विचारलं नाही. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपण नावाचा समास आहे, आळस झाडायची शिकवण मी त्याच संस्कारातून घेतली आणि ती मला आजही मोलाची वाटते. पण आळस म्हणायच्या आधी विचारायचं असतं. ते मी केलं नाही. तो मुलगा आज पन्नाशीच्या पुढचा असेल.

युरोप-अमेरिकेत दोन ते चार हजार माणसांमागे एकाला हा आजार असतो, असा हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास होती. तोच हिशेब इथे लावला तर आपल्या दोन गावांत तीनशे ते सहाशे माणसं निघतील. हा माझा त्रैराशिकाचा अंदाज आहे, पण तू एकटी नाहीस एवढं त्यातून नक्की निघतं. बहुतेकांना हा आजार दहा ते पंचविशीच्या वयात लागतो, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या काळात, आणि निदान व्हायला पुढारलेल्या देशांतही आठ-दहा वर्षं जातात. तुझं दीड वर्षात झालं.

उपचाराचं डॉक्टर सांगतीलच, तरी तुझ्या गोळ्यांची चिठ्ठी आईने वाचून दाखवली म्हणून लिहिते. मोडाफिनिल सकाळी घ्यायची. ती मुख्यतः डोपामिन पेशींबाहेर जास्त वेळ टिकवून धरते. क्लासमधली मुलं परीक्षेआधी रात्रभर जागायला हीच गोळी चोरून घेतात, असं ऐकते. तुझ्याकडे कुणी मागितली तर देऊ नकोस. ज्यांच्या ओरेक्झिनला काही झालेलं नाही त्यांची झोप मारून ती गोळी त्यांचं नुकसानच करेल. दुसरी गोळी, व्हेन्लाफॅक्सिन, औषधाच्या दुकानात 'डिप्रेशनची' म्हणून ओळखली जाते. तुला ती नॉरॲड्रिनॅलिन वाढवून अंग गळणं थांबवायला दिली आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून एके दिवशी एकदम बंद करू नकोस, गळून पडणं दुपटीने परत येतं. ओरेक्झिनच गोळीतून का देत नाहीत, असं तू विचारशीलच. ते रक्तातून मेंदूत नीट पोचत नाही. म्हणून त्या डॉबरमनमध्ये बिघडलेली, पण तुझ्यात शाबूत असलेली जी कडी, तिच्यावर थेट काम करतील अशी औषधं तयार होत आहेत आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत त्यांचा चांगला गुण दिसला आहे. उलट, ओरेक्झिनला अडवणारी झोपेची गोळी अमेरिकेत २०१४ मध्येच मंजूर झाली. एकच कुलूप, कुणाला ते उघडायला हवंय, तुला लावायला.

गोळ्यांइतकंच काम वामकुक्षी करते. दुपारी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं. तुझ्यासाठी ती चैन नाही, मात्रा आहे. उठल्यावर दोन-तीन तास डोकं लख्ख राहतं, अवघड विषय तेव्हा घे. जेवणात भात कमी ठेव, रात्री झोपायची वेळ मोडू नकोस.

आणि गाडीत दारात उभं राहायचं नाही. हे मी काळजीपोटी सांगते असं समजू नकोस, हा हुकूम समज. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि माणसं गेली. ती जागी होती. तुला तर मैत्रिणीच्या एका विनोदाने गुडघ्यांतलं बळ जाऊ शकतं. ठाण्याहून सुटणारी गाडी मिळेल तेव्हा ती घे, बसायला मिळत नसेल तर एक गाडी सोड. मैत्रिणीला सांगून ठेव की कल्याण आलं की हाक मारायची, म्हणजे टिटवाळा, बदलापूरच्या फेऱ्या होणार नाहीत. डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटी शिकायची नाही, खाडीत किंवा तलावात एकटीने पोहायचं नाही. हसायचं मात्र सोडू नकोस. आजार असलेली पुष्कळ मुलं गळून पडायच्या भीतीने हसणंच आवरतात, चेहरा कोरा ठेवायला शिकतात. तू बसून हस, भिंतीला टेकून हस.

सोबत तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने एका पानाचं पत्र लिहून जोडलं आहे. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं व्हायला जागा आणि तोंडी परीक्षेत गळून पडलीस तर पुन्हा संधी, एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या आहेत. वर डॉक्टरांचं पत्र लाव, खाली आईची सही घे, आणि सोमवारी पहिल्या तासाच्या आधी स्वतःच्या हाताने नेऊन दे.

तुझी,
आजी